दरवाढ, करार आणि बाहेर पडण्याचा हक्क : ब्रिटनमधील मोबाईल ग्राहकसंरक्षणाचा इतिहास (१९८४-२०२५)

प्रस्तावना

दूरध्वनीचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तारा, मनोरे, यंत्रे आणि त्यांचे संशोधक यांची त्यात सविस्तर नोंद होते. परंतु सेवा घेणारा सामान्य माणूस ज्या कागदावर सही करतो त्या कराराकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः गेल्या चार दशकांत राज्यसंस्था, बाजारपेठ आणि नागरिक यांच्या संबंधांत जे बदल झाले, त्यांचे स्वच्छ प्रतिबिंब या कागदात पडलेले आहे.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. ठरावीक मुदतीचा मोबाईल करार चालू असताना कंपनीने दर वाढविले, तर ग्राहकाला दंड न भरता करार सोडता येतो काय? ब्रिटनमध्ये या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे मिळाली. हा हक्क कायद्याने कधीही रद्द केला नाही; उलट तो वेळोवेळी अधिक स्पष्ट शब्दांत मांडला गेला. तरीही दरवाढ सर्वाधिक झाली त्याच वर्षी तो बहुसंख्य ग्राहकांच्या उपयोगी पडला नाही. या विसंगतीचे मूळ 'दरातील बदल' या शब्दांच्या अर्थात आहे, असे या इतिहासाच्या अभ्यासातून दिसून येते.

मक्तेदारीकडून कराराकडे

ब्रिटनमध्ये दूरध्वनी सेवा दीर्घकाळ टपाल खात्याच्या ताब्यात होती. हल शहरातील नगरपालिकेची स्वतंत्र सेवा हा त्याला एकमेव उल्लेखनीय अपवाद होता. दर शासकीय पातळीवर ठरत आणि ग्राहकाला ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नसे. दुसरी सेवाच उपलब्ध नसल्याने सेवा सोडणे याचा अर्थ दूरध्वनीविना राहणे असाच होता. १९८१ मध्ये दूरसंचार विभाग टपाल खात्यापासून वेगळा झाला. १९८४ च्या दूरसंचार कायद्याने ब्रिटिश टेलिकॉमच्या खासगीकरणाचा मार्ग मोकळा केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विक्रीस निघाले. देखरेखीसाठी 'ऑफटेल' हे नियामक कार्यालय स्थापन झाले.

सरकारी मक्तेदारीच्या जागी खासगी मक्तेदारी येऊ नये म्हणून अर्थतज्ज्ञ स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ च्या अहवालात एक सूत्र सुचविले होते. किरकोळ किंमत निर्देशांकातील वाढीतून ठरावीक टक्के वजा करावेत आणि उरेल तेवढीच वाढ कंपनीस घेऊ द्यावी, असे ते सूत्र होते. ब्रिटिश टेलिकॉमच्या प्रमुख सेवांसाठी १९८४ मध्ये हा आकडा ३ टक्के ठरला. महागाई ५ टक्के असेल तर दर सरासरीने २ टक्क्यांहून अधिक वाढविता येत नसत. महागाईचा निर्देशांक येथे ग्राहकाची ढाल म्हणून वापरला गेला. पुढील काळात याच निर्देशांकाचा वापर कसा पालटला हे पाहण्यासाठी हा आरंभबिंदू ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मोबाईल सेवेचा आरंभ १९८५ च्या जानेवारीत व्होडाफोन आणि सेलनेट या दोन कंपन्यांनी केला. १९९३ मध्ये वन-टू-वन आणि १९९४ मध्ये ऑरेंज या कंपन्या बाजारात उतरल्या. मोबाईलच्या किरकोळ दरांना उपरोक्त सूत्र लागू नव्हते. स्पर्धा हेच ग्राहकाचे संरक्षण, अशी त्यामागील धारणा होती. एका कंपनीचे दर पटले नाहीत तर ग्राहक दुसरीकडे जाईल आणि या भीतीने दर आटोक्यात राहतील, असे गृहीत धरले गेले.

अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असमाधानी माणसापुढील दोन मार्ग सांगितले आहेत : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. ब्रिटनच्या मोबाईल धोरणाने पहिल्या मार्गावर भिस्त ठेवली. परंतु हा मार्ग खुला असेल तरच स्पर्धेला अर्थ उरतो. मुदतीच्या कराराने तो आरंभापासूनच अरुंद केला होता.

मुदत, हँडसेट आणि दंड

मुदतीच्या कराराला आर्थिक कारण होते. महागडा हँडसेट ग्राहकाला अल्प किमतीत किंवा वरकरणी फुकट मिळे. त्याची किंमत कंपनी मासिक शुल्कातून हळूहळू वसूल करी. ग्राहक मध्येच निघून गेला तर ही वसुली बुडते; म्हणून मुदतपूर्व समाप्तीचे शुल्क आकारले जाई. सामान्यतः उरलेल्या महिन्यांच्या शुल्काइतके किंवा त्याहून थोडे कमी असे त्याचे स्वरूप असे. सुरुवातीस १२ महिन्यांचे करार रूढ होते; हँडसेट महाग होत गेले तसतसे १८ आणि २४ महिन्यांचे करार सर्रास होऊ लागले. युरोपीय संघाच्या सुधारित नियमांनुसार मे २०११ पासून आरंभीच्या मुदतीवर २४ महिन्यांची कमाल मर्यादा आली.

या व्यवहारात एक असमतोल होता. ग्राहक मुदतीने बांधला जाई, पण दर मुदतीने बांधले जातीलच असे नव्हते. कराराच्या छापील अटींत दर बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेला असे. अशा अटी वाटाघाटीतून ठरत नाहीत. त्या एका पक्षाने तयार केलेल्या असतात आणि दुसऱ्याने त्या संपूर्ण स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या असतात. हेन्री मेन यांनी १८६१ मध्ये समाजाची वाटचाल जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होते असा सिद्धांत मांडला, तेव्हा करार हे स्वातंत्र्याचे लक्षण मानले गेले. छापील कराराच्या युगात त्या स्वातंत्र्याला कितपत वाव राहिला, हा विसाव्या शतकातील विधिज्ञांपुढील मोठा प्रश्न ठरला.

अन्याय्य अटींचा कायदा आणि 'लक्षणीय हानी'ची कसोटी

या प्रश्नाला युरोपीय समुदायाने ५ एप्रिल १९९३ च्या निर्देशाने उत्तर दिले. ब्रिटनने तो १९९४ च्या आणि नंतर १९९९ च्या विनियमांद्वारे देशी कायद्यात आणला. अन्याय्य ठरू शकणाऱ्या अटींची जी नमुना यादी निर्देशाला जोडली होती, तीत एक अट अशी होती : अंतिम किंमत मूळ किमतीच्या मानाने फार चढी झाल्यास करार रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला न देता किंमत वाढविण्याची मुभा विक्रेत्याला देणारी अट. दरवाढ आणि बाहेर पडण्याचा हक्क यांची सांगड येथे स्पष्टपणे घातली गेली.

परंतु त्याच यादीत एक अपवादही होता. निर्देशांकाशी जोडलेली किंमतवाढ, तिची पद्धत करारात स्पष्ट वर्णिलेली असल्यास, या आक्षेपातून वगळली होती. त्या काळी हा अपवाद निरुपद्रवी वाटणे स्वाभाविक होते. दीर्घ मुदतीच्या पुरवठा करारांत महागाईनुसार किंमत बदलणे ही जुनी व्यापारी रीत होती. दोन दशकांनंतर मात्र हाच अपवाद मुख्य नियमाला भारी ठरला.

२००२ च्या युरोपीय सार्वत्रिक सेवा निर्देशाने दूरसंचार ग्राहकांसाठी स्वतंत्र तरतूद केली. कराराच्या अटींत बदल प्रस्तावित झाल्याची सूचना मिळताच दंडाविना करार सोडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला आणि अशी सूचना किमान एक महिना आधी देणे बंधनकारक झाले. ब्रिटनने २००३ मध्ये या तरतुदीचे रूपांतर सेवादात्यांवरील सर्वसाधारण अटींत केले, तेव्हा तीत एक विशेषण आले : बदल ग्राहकाला 'लक्षणीय हानी' पोहोचविणारा असावा. हानी लक्षणीय आहे की नाही हे प्रथम कंपनीच ठरवू लागली आणि मतभेद असल्यास लवादाचा दरवाजा ठोठावण्याचे काम ग्राहकाकडे आले. ऑफटेलच्या जागी आलेल्या 'ऑफकॉम' या नियामकाने डिसेंबर २००३ मध्ये कामास आरंभ केला, त्या वेळची स्थिती ही होती.

२०११ ते २०१४ : असंतोष आणि नवा दंडक

काही वर्षे हा प्रश्न सुप्त राहिला, कारण स्पर्धेमुळे दर एकंदरीत उतरत होते. २०११ च्या सुमारास चित्र पालटले. महागाई वाढली आणि कंपन्यांनी चालू करारांतील मासिक शुल्कालाच हात घातला. ऑरेंजने जानेवारी २०१२ पासून ४.३४ टक्के दरवाढ लागू केली. त्याच वर्षी टी-मोबाईल आणि थ्री यांनीही वाढ केली. वाढ किरकोळ किंमत निर्देशांकाच्या मर्यादेत असल्याने हानी लक्षणीय नाही आणि म्हणून दंडाविना बाहेर पडण्याचा हक्क उत्पन्न होत नाही, अशी कंपन्यांची भूमिका होती.

दरमहा ३० पौंडांच्या करारात ४.३४ टक्के म्हणजे सुमारे १ पौंड ३० पेन्स. रक्कम लहान होती, पण तक्रार केवळ रकमेची नव्हती. 'स्थिर मुदतीचा करार' हे शब्द ऐकून सही करणाऱ्या ग्राहकाला दरही स्थिर असतील असे वाटत होते. 'विच?' या ग्राहकसंस्थेने २०१२ मध्ये हाच मुद्दा घेऊन मोहीम उभारली. हिर्शमन यांच्या परिभाषेत बोलायचे तर बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यावर ग्राहकांनी आवाजाचा मार्ग धरला.

ऑफकॉमने जानेवारी २०१३ मध्ये सल्लामसलत सुरू केली आणि २३ ऑक्टोबर २०१३ रोजी निर्णय जाहीर केला. विक्रीच्या वेळी ठरलेल्या मासिक शुल्कातील कोणतीही वाढ यापुढे लक्षणीय हानी समजली जाईल आणि ग्राहकाला दंडाविना करार सोडता येईल, असा त्याचा आशय होता. २३ जानेवारी २०१४ पासून होणाऱ्या नव्या करारांना हा दंडक लागू झाला. ग्राहकचळवळीच्या दृष्टीने हा निःसंशय विजय होता.

निर्देशांकाची पळवाट

या निर्णयातील 'विक्रीच्या वेळी ठरलेले शुल्क' हे शब्द निर्णायक ठरले. शुल्क म्हणून एकच आकडा ठरला असेल तर त्यातील वाढ हा बदल होय. पण 'पहिल्या वर्षी अमुक आणि नंतर दरवर्षी निर्देशांकानुसार वाढ' असेच ठरले असेल, तर वाढलेले शुल्क हेच ठरलेले शुल्क होय. तेव्हा बदल झालाच नाही आणि बदल नसल्यास बाहेर पडण्याचा हक्कही नाही. कंपन्यांनी आपले करार याच पद्धतीने नव्याने लिहिले.

युरोपीय न्यायालयाच्या एका निकालाने या युक्तिवादाला बळ मिळाले. ऑस्ट्रियातील एका ग्राहकसंस्थेने ए-वन टेलिकॉम ऑस्ट्रिया या कंपनीविरुद्ध दाद मागितली होती. सरकारी संख्याशास्त्र संस्थेच्या निर्देशांकानुसार होणारी दरवाढ करारातच नमूद असेल, तर ती कराराच्या अटींतील बदल ठरत नाही आणि करार सोडण्याचा हक्क देत नाही, असे न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०१५ रोजी सांगितले. १९९३ च्या निर्देशातील अपवाद अशा रीतीने दूरसंचाराच्या क्षेत्रात स्थिरावला.

यानंतरचे पाऊल अधिक धाडसाचे होते. २०२० नंतर ईई आणि व्होडाफोन यांनी 'ग्राहक किंमत निर्देशांक अधिक ३.९ टक्के' अशी अट नव्या करारांत घातली. ओ-टूने किरकोळ किंमत निर्देशांकाला ३.९ टक्के जोडले. थ्रीनेही पुढे याच स्वरूपाची अट स्वीकारली. चार प्रमुख कंपन्यांचे करार एकाच साच्याचे झाल्यावर एकीला कंटाळून दुसरीकडे जाण्यात फारसे स्वारस्य उरले नाही. १९८४ चे सूत्र निर्देशांकातून ३ वजा करीत होते. २०२१ चे सूत्र त्यात ३.९ मिळवीत होते. पहिले नियामकाने मक्तेदार कंपनीला घातलेले बंधन होते, तर दुसरे स्पर्धक म्हणविणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाला घातलेले.

महागाई कमी असेतो या अटीचा दाह जाणवला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकातील वार्षिक वाढ ५.४ टक्के होती. त्यामुळे २०२२ च्या वसंतात ९.३ टक्के दरवाढ झाली. डिसेंबर २०२२ मध्ये ती १०.५ टक्क्यांवर गेली आणि २०२३ मधील दरवाढ १४.४ टक्के झाली. ओ-टूच्या करारांत सेवाशुल्कावरील वाढ १७.३ टक्क्यांपर्यंत पोहोचली. ३० पौंडांच्या सेवाशुल्कावर हे अनुक्रमे ४ पौंड ३२ पेन्स आणि ५ पौंड १९ पेन्स होतात. वीज, इंधन आणि अन्न यांच्या किमती कडाडल्या असतानाच हा बोजा पडला. २०१२ मधील ४.३४ टक्क्यांच्या वाढीने नवा दंडक जन्माला घातला होता. २०२३ मधील तिपटीहून मोठ्या वाढीला तोच दंडक लागू होईना, कारण ती आधीच 'मान्य' झालेली होती.

ही मान्यता कितपत खरी होती? ऑफकॉमने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार निम्म्याहून अधिक मोबाईल ग्राहकांना हे निर्देशांक नेमके काय मोजतात याची कल्पना नव्हती. शिवाय भविष्यातील महागाईचा आकडा कोणालाच ठाऊक नसतो. अर्थतज्ज्ञांनाही वर्तविता न येणारी जोखीम घरगुती ग्राहकाच्या माथी गेली होती आणि ती स्वीकारल्याचा पुरावा म्हणून त्याची सही दाखविली जात होती.

पौंड-पेन्सचा नियम

१९ जुलै २०२४ रोजी ऑफकॉमने नवा निर्णय दिला. १७ जानेवारी २०२५ पासून होणाऱ्या करारांत महागाईशी किंवा टक्केवारीशी जोडलेली दरवाढ निषिद्ध झाली. वाढ करावयाची असल्यास ती किती पौंड-पेन्स आणि कोणत्या तारखेपासून, हे विक्रीच्या वेळीच सांगणे बंधनकारक झाले. अनिश्चिततेचा भार यामुळे ग्राहकावरून कंपनीकडे सरकला, हे या नियमाचे श्रेय मान्य केले पाहिजे.

तथापि, नियमाने दरवाढीचे रूप बदलले. दरवाढ थांबविली नाही. सर्वांना सारखीच ठोक वाढ लावल्यास स्वस्त योजना घेणाऱ्यावर तिचा भार प्रमाणाने अधिक पडतो. १ पौंड ८० पेन्सची वार्षिक वाढ ३६ पौंडांच्या योजनेवर ५ टक्के, तर ९ पौंडांच्या योजनेवर २० टक्के होते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या दृष्टीने हा फरक नगण्य नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये या नियमाची एक अनपेक्षित बाजू पुढे आली. ओ-टूने एप्रिल २०२६ साठी आधी सांगितलेली १ पौंड ८० पेन्सची वाढ २ पौंड ५० पेन्स करण्याचे जाहीर केले. नियामकाने जाहीर नाराजी व्यक्त केली, परंतु नियमाने हे थेट निषिद्ध नव्हते. सांगितलेल्याहून अधिक वाढ हा मात्र करारातील बदल होता. त्यामुळे संबंधित ग्राहकांना सूचनेनंतर ३० दिवसांत दंडाविना बाहेर पडण्याचा हक्क मिळाला. २०२३ मधील सुमारे ५ पौंडांची वाढ हा हक्क देऊ शकली नव्हती. ७० पेन्सच्या फरकाने तो दिला. हक्क कशावर अवलंबून आहे याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या हक्कालाही मर्यादा होती. ओ-टूने २०१३ पासूनच हँडसेटचे हप्ते आणि सेवाशुल्क यांचे करार वेगळे केले होते. सेवेचा करार सुटला तरी हँडसेटचे उरलेले हप्ते चुकवावे लागतात. ही विभागणी पारदर्शकतेच्या दृष्टीने योग्यच होय. पण शेकडो पौंड एकरकमी भरण्याची ऐपत नसलेल्याला कायद्याने उघडलेला दरवाजा व्यवहारात बंदच राहू शकतो.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाने निराळे वळण घेतले. येथील बहुसंख्य मोबाईल ग्राहक आगाऊ पैसे भरून सेवा घेतात. २४ महिन्यांच्या कराराची प्रथा येथे फारशी रुजली नाही. तरीही दरांच्या स्थैर्याचा विचार येथे लवकर झाला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २००६ च्या आदेशाने नव्या ग्राहकाच्या योजनेतील दर सहा महिने वाढविण्यास मनाई केली आणि ग्राहकाला मात्र केव्हाही योजना बदलण्याची मोकळीक ठेवली. कंपनी बांधलेली आणि ग्राहक मोकळा, अशी ही ब्रिटनच्या उलट रचना होती. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर लागू झाली. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी सुमारे ११ ते २५ टक्के दरवाढ केली, तेव्हा अनेक ग्राहक भारत संचार निगमकडे वळले. महाराष्ट्रातील ग्राहकालाही बाहेर पडण्यासाठी दंड भरावा लागला नाही.

यावरून भारतीय ग्राहक अधिक सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रमुख खासगी कंपन्या एकाच आठवड्यात दर वाढवितात, तेव्हा जाण्याचे स्वातंत्र्य असूनही जाण्याची ठिकाणे मोजकीच उरतात. आवाजाच्या मार्गाचे महत्त्व येथे लक्षात येते. दूरध्वनीविषयक तक्रारी ग्राहक मंचांपुढे नेण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाने अडसर आला होता. फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने तो दूर झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अन्याय्य करार' ही संकल्पनाही भारतीय ग्राहककायद्यात आणली आहे.

समारोप

चार दशकांच्या या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, स्पर्धेवर विसंबलेल्या धोरणात बाहेर पडण्याचा हक्क हा संपूर्ण रचनेचा आधारस्तंभ असतो. तो डळमळल्यास स्पर्धा नावापुरती राहते. दुसरी, हा हक्क रद्द करून नव्हे, तर त्याची पूर्वअट निरुपयोगी करून निष्प्रभ करता येतो. दरवाढ करारातच लिहिली की तिला बदल म्हणता येत नाही आणि हक्क कागदावर अबाधित राहूनही हाती काही लागत नाही. तिसरी, ग्राहकरक्षणासाठी योजलेली साधने स्वभावतः कोणाच्याच बाजूची नसतात. महागाईचा निर्देशांक १९८४ मध्ये ग्राहकाच्या बाजूने उभा होता आणि २०२३ मध्ये त्याच्या विरोधात.

संमती हा कराराचा पाया मानला जातो. परंतु भविष्यातील अज्ञात आकड्याला दिलेली संमती आणि समजून-उमजून दिलेली संमती यांना कायद्याने दीर्घकाळ एकाच मापाने मोजले. २०२५ च्या नियमाने हा भेद काही अंशी मान्य केला, ही या इतिहासातील आशादायक बाब होय. वाढीचा आकडा आधी सांगितला म्हणून ती न्याय्य ठरते काय, हा प्रश्न मात्र त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिला आहे. आणि विमा, कर्ज, वीज किंवा शिक्षणशुल्क अशा प्रत्येक छापील कराराला तो तितकाच लागू पडतो.